दुर्गम भागात वाहनातील रेडिओ स्पष्ट ऐकू येण्यासाठी काय करावे?

हवामानाचा इशारा जितका अचूक असावा लागतो तितकाच तो वेळेवर पोहोचावाही लागतो. पीक काढणीला आले असेल, कांदा शेतात पडला असेल, द्राक्षावर फवारणी व्हायची असेल किंवा कापलेले सोयाबीन वाळत घातले असेल, तर दोन-तीन तास आधी मिळालेली सूचना हजारो रुपयांचे नुकसान टाळू शकते. आज मोबाईलवर अशा सूचना मिळतात. 'मेघदूत' व 'दामिनी' या अ‍ॅपचा वापरही अनेक शेतकरी करतात. परंतु मेळघाट, सातपुडा किंवा सह्याद्रीच्या घाटातून जाताना मोबाईलची रेंज मैलोन्‌मैल नसते. अशा ठिकाणी गाडीतला रेडिओ हाच बाहेरच्या जगाशी जोडणारा धागा उरतो.

रेडिओ आणि शेती यांचे नाते आपल्या राज्यात जुने आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून, युनेस्कोच्या सहकार्याने, सुमारे दीडशे गावांत शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला होता. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. पुढे १९६६ पासून आकाशवाणीत शेती व गृहविषयक कार्यक्रमांचे स्वतंत्र विभाग सुरू झाले. त्या काळी गावात एकच संच असे. आज जीप, पिकअप, मोटार आणि काही ट्रॅक्टरवरही रेडिओ असतो. परंतु बहुतेक ठिकाणी तो गावाबाहेर पडताच खरखरू लागतो आणि आपण तो बंद करून टाकतो.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात धारणी भागातील शेतकरी मेळावा आटोपून आम्ही जीपने परतवाड्याकडे निघालो होतो. सोबत अचलपूर तालुक्यातील एक वयस्क शेतकरी होते. आम्ही सारे त्यांना भाऊ म्हणत असू. त्यांचे चार एकर सोयाबीन कापून शेतात पसरलेले होते. सेमाडोहच्या अलीकडे त्यांनी विचारले, "सर, रेडिओ लावा ना जरा. पाण्यापावसाचं काही सांगतात काय, पाहू." मी रेडिओ लावला. नुसती खरखर. मी म्हणालो, "भाऊ, जंगलात काय रेडिओ लागणार!" आणि बटण बंद केले.

वाटेत एका वळणावर मोबाईलला एक काडी आली होती. तेवढ्यात त्यांच्या घरी फोन लागला असता. पण फोन करायला काही कारण आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. परतवाड्याला पोहोचेपर्यंत अंधारून आले आणि विजांसह जोराचा पाऊस सुरू झाला. दुपारच्या बातम्यांत त्या पावसाचा इशारा दिला होता हे नंतर समजले. भाऊंच्या घरी ताडपत्री होती, माणसेही होती. सूचना मात्र नव्हती. पुढे तीन दिवस ढगाळ राहिले. शेंगांतले दाणे काळे पडले आणि काही शेंगांना कोंब फुटले.

आठवड्याने जीपचा रेडिओ एका जाणकार वायरमनला दाखविला. दोष जंगलाचा नव्हता. एरियलच्या बुडाशी असलेला स्क्रू गंजला होता आणि केबलचे अर्थिंग सुटले होते. पॉलिश पेपरने घासून स्क्रू आवळण्यास त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. त्याच रस्त्याने पुन्हा गेलो तेव्हा मध्यम लहरींवरील केंद्र बऱ्याच ठिकाणी समजेल इतके स्पष्ट लागले. "जंगलात काय लागणार" हे माझे वाक्य तेव्हापासून मला बोचत आले आहे. म्हणून या विषयाची माहिती जमवून ती येथे सोप्या भाषेत देत आहे.

लहरींचे दोन प्रकार समजून घ्या

आपल्या रेडिओवर मुख्यतः दोन प्रकारचे प्रक्षेपण ऐकू येते.

१) मध्यम लहरी: सेटवर यालाच एएम किंवा एमडब्ल्यू म्हणतात. आपल्या देशात हा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ असा आहे. १००० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३०० मीटर असते. इतकी लांब लहर जमिनीला धरून, उंचसखल भाग ओलांडत दूरवर जाते. जमीन जितकी चांगली वीजवाहक तितकी ती अधिक दूर पोहोचते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून ती फार दूर जाते. ओल्या काळ्या जमिनीवरून चांगली जाते, तर कोरड्या मुरमाड व खडकाळ जमिनीवर लवकर क्षीण होते. माती परीक्षणात आपण जी क्षारता विद्युत वाहकतेवरून मोजतो, तोच हा गुणधर्म आहे.

२) एफएम: हा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा आहे. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी फक्त ३ मीटर असते. ही लहर बरीचशी उन्हासारखी वागते. सूर्य डोंगराआड गेला की दरीत सावली पडते, तसे प्रक्षेपक व आपण यांच्या मध्ये डोंगर आला की एफएमचीही सावली पडते. आवाज गोड व स्वच्छ असतो, परंतु पल्ला कमी असतो. २८ एप्रिल २०२३ रोजी देशात १०० वॅट क्षमतेचे ९१ एफएम प्रक्षेपक सुरू करण्यात आले. अशा लहान प्रक्षेपकाचा आवाज साधारण १५ ते २० किलोमीटरपर्यंत चांगला येतो आणि मध्ये डोंगर असल्यास त्याहून कमी.

यावरून सूत्र असे निघते की सपाट भागात व शहराजवळ एफएम ऐकावे, घाटात व दूरच्या भागात मध्यम लहरी लावून पाहाव्यात. मात्र गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने अनेक ठिकाणचे मध्यम लहरी प्रक्षेपक बंद केले आहेत, तर काही ठिकाणी डिजिटल पद्धत सुरू केली आहे. डिजिटल प्रक्षेपण साध्या सेटवर लावल्यास एकसारखा सुसाट वाऱ्यासारखा आवाज येतो. तो सेटचा बिघाड समजू नये. आपल्या भागात आज कोणते केंद्र कोणत्या आकड्यावर लागते हे दिवसा, गाडी मोकळ्या जागी उभी करून, एकदा स्वतः शोधून वहीत लिहून ठेवावे.

दोष कोठे आहे ते आधी ओळखा

सेट बदलण्याआधी पुढील तीन चाचण्या कराव्यात. यांना खर्च येत नाही.

चाचणी पहिली: गाडी मोकळ्या माळावर, विजेच्या तारांपासून दूर उभी करावी. इंजिन बंद ठेवून रेडिओ लावावा. नंतर इंजिन सुरू करावे. इंजिन सुरू होताच खरखर वाढली तर दोष गाडीच्या वीजयंत्रणेत आहे. इंजिन बंद असतानाही आवाज कमजोर असेल तर दोष बहुधा एरियलमध्ये आहे.

चाचणी दुसरी: मोबाईलचा चार्जर, जादा बसविलेले एलईडी दिवे, पंखा, वायपर व कॅमेरा एकेक करून बंद करावेत. कोणती वस्तू बंद केल्यावर आवाज सुधारतो ते पाहावे. आज गाडीतील खरखरीचे सर्वांत मोठे कारण सिगारेट लायटरच्या खाचेत लावलेला स्वस्त यूएसबी चार्जर हेच असते. मोबाईल जोडलेला नसला तरी तो चार्जर खाचेत असेपर्यंत त्रास देतो.

चाचणी तिसरी: सेटच्या मागील एरियलची पिन काढावी. त्या जागी मधल्या छिद्रात सुमारे एक मीटर लांबीची प्लॅस्टिकचे आवरण असलेली वायर घालावी व तिचे दुसरे टोक खिडकीबाहेर सोडावे. अशा साध्या वायरीवर आवाज पूर्वीपेक्षा चांगला आला, तर सेट ठीक असून एरियल किंवा तिची केबल खराब आहे असे समजावे. ही चाचणी गाडी उभी असताना व आकाश निरभ्र असतानाच करावी.

एरियलची निगा

वाहनाची बॉडी लोखंडी पत्र्याची असते. पत्रा लहरींना आत येऊ देत नाही. त्यामुळे वाहनाच्या रेडिओला बाहेरची एरियल लागतेच. एरियल म्हणजे नुसती काडी नव्हे. काडी, बुडाचे अर्थिंग, केबल व पिन या चारही गोष्टी मिळून एरियल बनते.

१) काडी पूर्ण बाहेर काढावी. दुर्बिणीसारखी आत जाणारी काडी असेल तर मध्यम लहरींसाठी ती पूर्ण उघडावी. एफएमसाठी सुमारे ७५ सेंटिमीटर उंची पुरते, कारण ती ३ मीटर लहरीच्या पाव भागाएवढी होते. काडीचे सांधे महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावेत. चिखल व धूळ बसल्यास सांध्यांचा संपर्क सुटतो.

२) अर्थिंग तपासावे. एरियलचे बूड जेथे बॉडीला लागते तेथील रंग व गंज खरवडून स्वच्छ धातू उघडा करावा. पॉलिश पेपरने घासून नट घट्ट आवळावा आणि वरून थोडे ग्रीस लावावे म्हणजे पुन्हा गंज चढणार नाही. कोकणात खाऱ्या हवेमुळे हा दोष लवकर उद्भवतो, तेव्हा तेथे पावसाळ्याआधी व नंतर अशी दोनदा तपासणी करावी. फायबरच्या छपरावर किंवा बंपरवर एरियल बसविली असेल तर बुडापासून बॉडीपर्यंत जाड, आखूड वायर स्वतंत्रपणे जोडावी.

३) केबल तपासावी. दाराच्या बिजागरीजवळ केबल वारंवार वाकते व आतून तुटते. वायरमनकडील मीटरने पुढीलप्रमाणे पाहता येते: साध्या काडीपासून पिनच्या मधल्या टोकापर्यंत वीज वाहिली पाहिजे. पिनचे मधले टोक व बाहेरील कडे यांच्यात मात्र वाहता कामा नये. बाहेरील कडे व बॉडी यांच्यात पुन्हा वाहिली पाहिजे. मधले टोक व कडे यांच्यात वीज वाहत असेल तर केबलमध्ये पाणी शिरले आहे किंवा तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. वर्धकासह येणाऱ्या एरियलला ही चाचणी लागू पडत नाही.

४) टीव्हीची केबल वापरू नये. वाहनाच्या एरियलची केबल खास प्रकारची असते. तिच्याऐवजी टीव्हीची केबल टाकल्यास किंवा मध्ये लांब जोड दिल्यास मध्यम लहरींचा आवाज बराच कमी होतो.

५) जुन्या सेटवर एरियलच्या पिनेजवळ एक बारीक स्क्रू असतो. काडी पूर्ण उघडून पट्ट्याच्या वरच्या भागात, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास, एखादे क्षीण केंद्र लावावे व तो स्क्रू हळूहळू फिरवावा. आवाज सर्वांत मोठा येईल तेथे थांबावे. नवीन सेटमध्ये हा स्क्रू नसतो.

६) काचेवरील किंवा छपरावरील आखूड एरियलसोबत एक लहान वर्धक असतो. त्याला सेटकडून एका वेगळ्या वायरीने १२ व्होल्ट मिळावे लागतात. ही वायर बहुधा निळी असते. बाजारातून नवीन सेट बसविताना ती जोडायची राहून जाते आणि मग "जुना सेट चांगला होता, नवा कुचकामी निघाला" अशी तक्रार होते. वायर जोडली आहे की नाही हे बसविणाऱ्याला आवर्जून विचारावे. एरियल काचेत असेल तर त्या काचेवर धातुमिश्रित फिल्म चिकटवू नये.

खरखरीचा बंदोबस्त

खरखरीच्या आवाजावरून तिचे मूळ ओळखता येते. शेतकरी बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखतो, तसेच हे आहे.

टकटक आवाज येत असून इंजिनचा वेग वाढविल्यावर तोही वाढत असेल तर ती पेट्रोल इंजिनच्या स्पार्क प्लगची ठिणगी असते. प्लगच्या क्रमांकात 'आर' अक्षर असलेले, म्हणजे आत प्रतिरोधक असलेले प्लग वापरावेत. प्लगच्या जाड वायरी फुटल्या असल्यास कंपनीने सांगितलेल्याच प्रकारच्या बदलाव्यात. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसल्याने हा त्रास तेथे नसतो.

शिटीसारखा आवाज येत असून तो वेगाबरोबर चढत-उतरत असेल तर अल्टरनेटर कारण असतो. जुन्या वाहनात अल्टरनेटरच्या बॅटरीकडे जाणाऱ्या टोकावर व बॉडीवर सुमारे २.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडतात. सेटला बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूजसह वायर दिल्यानेही फरक पडतो. ही कामे ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावीत. संगणकीय नियंत्रण असलेल्या नवीन गाड्यांत स्वतः काहीही जोडू नये.

ठराविक ठिकाणीच भुणभुण येत असेल तर वर उच्च दाबाची तार किंवा खराब चिनीमातीचा चिमणीघोडा असतो. गाडी तेथून शंभर-दोनशे मीटर पुढे न्यावी.

साधारण दर सेकंदाला एक टक असा ठोका येत असेल तर जवळ कुंपणाचे झटका मशीन चालू असते. तार गवताला टेकली असेल तर ठिणगी उडून ठोका फार मोठा येतो. याचा उलट उपयोगही करून घेता येतो. लहान ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, केंद्र नसलेल्या जागी लावून कुंपणाच्या बाजूने तारेला न शिवता चालत जावे. ठोका जेथे सर्वांत मोठा येईल तेथे तार कोठेतरी टेकलेली आहे असे समजावे.

सेट विकत घेताना

१) सेटवर एएम पट्टा आहे की नाही ते पाहावे. आजकालच्या अनेक सेटवर फक्त एफएम असते. दुर्गम भागात फिरणाऱ्यांनी असा सेट घेताना विचार करावा.

२) सेटमधील देशाची निवड तपासावी. आपल्याकडे मध्यम लहरींची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. अमेरिकेसाठी बनविलेला सेट १० किलोहर्ट्झच्या टप्प्याने पुढे सरकतो व एफएमवर फक्त विषम आकड्यांवर, म्हणजे १०२.३, १०२.५ असा थांबतो. त्यामुळे १०२.४ वरील केंद्र त्याला नीट लागतच नाही. अनेक सेटमध्ये ही निवड बदलता येते. माहितीपत्रक पाहून ती भारत, आशिया किंवा युरोप अशी करावी.

३) 'लोकल' व 'डीएक्स' असे बटण असल्यास दूरच्या केंद्रासाठी 'डीएक्स' ठेवावे. 'लोकल'वर असताना शोध घेणारा सेट क्षीण केंद्रे सोडून देतो.

४) स्टिरिओ व मोनो निवड असल्यास क्षीण एफएमसाठी मोनो ठेवावे. सूं असा आवाज लगेच कमी होतो.

५) बाजारात मिळणाऱ्या बूस्टरवर फार विसंबू नये. विहिरीत पाणीच नसेल तर मोठी मोटर बसवून काय उपयोग? बूस्टर जसा कार्यक्रमाचा आवाज वाढवितो तशी खरखरही वाढवितो. आधी काडी, अर्थिंग व केबल ठीक करावी.

ट्रॅक्टरवरील रेडिओ

ट्रॅक्टरला एरियल छताच्या किंवा मडगार्डच्या उंच धातूच्या भागावर, सायलेन्सरपासून दूर बसवावी. रंग खरवडून अर्थिंग द्यावे. हादऱ्यांमुळे नट सैल होतात म्हणून स्प्रिंग वॉशर घालावा. जुन्या ट्रॅक्टरवर डायनॅमो असेल तर त्याचे कार्बन ब्रश झिजल्यावर ठिणग्या पडतात व रेडिओ खरखरतो. ब्रश बदलल्यास रेडिओ व चार्जिंग दोन्ही सुधारतात.

नांगरणी करताना, ट्रॉली ओढताना किंवा थ्रेशर चालू असताना रेडिओचा आवाज मर्यादेत ठेवावा. कानात बोंड घालून ऐकू नये. मागील माणसाची हाक व यंत्राचा बदललेला आवाज ऐकू येणे हे कोणत्याही बातमीपेक्षा महत्त्वाचे आहे.

प्रवासात ऐकताना

१) निघण्यापूर्वी बातम्या, हवामान व शेतीविषयक कार्यक्रमांच्या वेळा आणि आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवावेत. एकाच कार्यक्रमासाठी एफएमचा व मध्यम लहरींचा असे दोन्ही आकडे असल्यास दोन्ही बटणांवर साठवून ठेवावेत.

२) कार्यक्रमाच्या वेळी दरीच्या तळाशी न राहता, शक्य असल्यास खिंडीत किंवा मोकळ्या चढावर पोहोचण्याचा बेत ठेवावा.

३) एफएम तुटक-तुटक येत असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवून अर्धा ते एक मीटर पुढे-मागे करावी. कड्यांवरून परावर्तित होणाऱ्या लहरी एका जागी एकमेकींना मारक ठरतात, तर तेथून हातभर अंतरावर पूरक ठरतात.

४) लोखंडी पूल, पत्र्याचे गोदाम व उच्च दाबाच्या तारा यांपासून दूर थांबावे.

५) मध्यम लहरी दिवसा ऐकणे चांगले. सूर्य मावळल्यावर दूरदूरची केंद्रे आकाशातून परावर्तित होऊन येतात व आपल्या केंद्रात मिसळतात. आवाजही लाटेसारखा वरखाली होतो. हा सेटचा दोष नाही.

६) सोबत मध्यम लहरींचा एक लहान ट्रान्झिस्टर ठेवावा. तो गाडीत बसून ऐकू नये, कारण पत्रा लहरी अडवितो. बाहेर येऊन तो आडवा धरून सावकाश गोल फिरवावा. त्याच्या आत फेराइटची कांडी असते व ती एका विशिष्ट दिशेलाच जास्त लहरी पकडते. आवाज मोठा होईल त्या स्थितीत तो ठेवावा.

७) रेडिओशी खटपट नेहमी गाडी थांबवूनच करावी. घाटात चालकाने बटणे फिरवू नयेत.

विजेबाबत सावधगिरी

मध्यम लहरींवर अधूनमधून येणारी कडकड ही आकाशातील विजेची असते. ढग डोक्यावर नसतानाही अशी कडकड येऊ लागली आणि ती वाढत गेली, तर वादळी पाऊस जवळपास असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. गडगडाट ऐकू येऊ लागल्यावर एरियलला हात लावू नये, बाहेर वायर टांगू नये व उंच माळावर थांबू नये. काचा बंद करून पत्र्याच्या गाडीत बसणे सुरक्षित असते. उघडा ट्रॅक्टर असे संरक्षण देत नाही, म्हणून त्यावरून उतरून पक्क्या घरात जावे. झाडाखाली थांबू नये. विजेच्या लोंबणाऱ्या तारांखालून जाताना ट्रॅक्टरची लांब काडी आधी खाली घ्यावी.

थोडक्यात: लक्षण, कारण व उपाय

सर्वच केंद्रे कमजोर: अर्थिंग सुटले, केबल तुटली किंवा वर्धकाला वीज नाही. बूड घासून आवळावे, निळी वायर पाहावी.

फक्त इंजिन चालू असताना खरखर: प्लग, अल्टरनेटर किंवा डायनॅमो. ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवावे.

सतत बारीक भुणभुण: चार्जर किंवा एलईडी दिवा. काढून पाहावे.

खड्ड्यात गाडी आदळताच आवाज जातो-येतो: पिन किंवा काडीचा सांधा सैल. पुसून घट्ट करावा.

फक्त दरीत एफएम जाते: डोंगराची सावली. मध्यम लहरी लावाव्यात किंवा चढावर थांबावे.

शेवटी

एवढे सर्व करूनही काही दऱ्यांत कोणतेच केंद्र लागत नाही. तेथे रेडिओवर अवलंबून राहता येणार नाही. म्हणून काढणीच्या दिवसांत लांब जायचे असेल तर सकाळचा हवामान अंदाज ऐकूनच निघावे. दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होणारा कृषी हवामान सल्लाही पाहावा. घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवावे की ढग दिसताच फोनची वाट न पाहता सोयाबीनची गंजी उंचवट्यावर लावून ताडपत्रीने झाकायची. ताडपत्री गोठ्याच्या माळ्यावर न ठेवता शेतात हाताशी ठेवावी.

मागच्या हंगामात भाऊ भेटले तेव्हा त्यांच्या पिकअपची एरियल मी स्वतः पाहिली. काडी स्वच्छ होती, बुडाला ग्रीस होते. ते म्हणाले, "सर, आता दर पोळ्याला बैलांसंगं हिलेही घासून-पुसून घेतो." शेतकरी बंधूंनी खरीप काढणीपूर्वी आपल्या वाहनाच्या एरियलचा नट एकदा अवश्य तपासून घ्यावा.